पोटातला वाढलेला कॅन्सर : ऑपरेशन आधी की केमो आधी?



वस्तीत कुणाच्या पोटात गाठ निघाली की घरात दोन गोष्टी बोलल्या जातात. कुणी म्हणतं, "लवकर कापून टाका, वाट कशाची बघता?" कुणी म्हणतं, "आता पसरलाय, उगाच पैसा कशाला घालता?" पहिल्या बोलण्याने घाईत ऑपरेशन होते. दुसऱ्या बोलण्याने उपचारच होत नाही. नांदेड आणि लातूरच्या वस्त्यांमधल्या रुग्णांसोबत दवाखान्यात फिरताना या दोन्हींमुळे झालेले नुकसान आम्ही पाहतो. म्हणून या अंकात आपण एकच गोष्ट नीट समजून घेऊ. पोटातला कॅन्सर वाढलेला असला तरी त्यावर उपचार असतो, पण तो एका ऑपरेशनने होत नाही. ऑपरेशन, केमो आणि शेक यांचा क्रम लावावा लागतो, आणि तो क्रम पहिला चाकू लागायच्या आधी ठरवावा लागतो.

वाढलेला म्हणजे नेमका किती?

आपण पोट म्हणतो तेव्हा त्यात बरेच अवयव येतात. जठर, मोठे आतडे, गुदाशय, पित्ताशय, लिव्हर, स्वादुपिंड, आणि बायकांच्या बाबतीत गर्भाशय, त्याचे तोंड आणि दोन्ही बाजूंची अंडाशये. यातल्या कुठल्याही अवयवात कॅन्सर होऊ शकतो.

डॉक्टर त्याच्या चार पायऱ्या करतात, त्यांनाच स्टेज म्हणतात. साधारणपणे पहिल्या दोन स्टेजमध्ये कॅन्सर त्या अवयवात किंवा त्याच्या अगदी जवळ असतो. तिसऱ्यात तो आसपासच्या गाठींपर्यंत किंवा शेजारच्या भागापर्यंत जातो. चौथ्यात तो लिव्हर, फुप्फुस अशा दूरच्या जागी पोचतो. पण सगळ्या अवयवांचा हिशोब सारखा नसतो. अंडाशयाच्या तिसऱ्या स्टेजमध्ये पोटाच्या आतल्या अस्तरावर दाणे पसरलेले असतात, तरीही मोठ्या ऑपरेशनचा आणि केमोचा चांगला उपयोग होतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेला आणि तिथे थोड्याच गाठी असल्या तर त्या काढता येतात, आणि असे काही रुग्ण पूर्ण बरेही होतात. उलट जठराचा किंवा पित्ताशयाचा कॅन्सर दूर पसरला असेल तर मोठे ऑपरेशन करून सहसा फायदा होत नाही. तिथे केमोने आयुष्य आणि आराम वाढवतात.

म्हणून शेजारच्या गल्लीतल्या कुणाचे काय झाले यावरून आपल्या माणसाचा अंदाज बांधू नका. "कुठल्या अवयवाचा, कुठली स्टेज" हे दोन्ही कळल्याशिवाय कसलाही निर्णय घेता येत नाही.

आधी तुकडा, मग चाकू

कॅन्सर आहे हे सोनोग्राफीवरून पक्के होत नाही, सीटी स्कॅनवरूनही पूर्ण पक्के होत नाही. बहुतेक वेळा गाठीचा छोटा तुकडा किंवा पोटातले पाणी काढून लॅबमध्ये तपासावे लागते. याला बायोप्सी म्हणतात. जठर आणि आतड्यासाठी दुर्बिणीने तुकडा घेतात.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. ही भीती मनातून काढा. तुकडा तपासल्याशिवाय कुठले केमो द्यायचे हेच ठरत नाही. काही मोजक्या ठिकाणी डॉक्टर मुद्दाम सुई घालत नाहीत. अंडाशयातली एकटी, बंद गाठ असेल तर ती न फोडता अख्खी काढतात आणि मग तपासतात. पण ते कॅन्सरच्या डॉक्टरांनी ठरवायचे, शेजाऱ्यांनी नाही.

आपल्या वस्त्यांसाठी तुकडा तपासण्याचे आणखी एक मोठे कारण आहे, ते म्हणजे पोटाचा टीबी. त्यातही पोटात पाणी होते, वजन उतरते, भूक जाते. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी जी सीए-१२५ नावाची रक्ततपासणी करतात, ती पोटाच्या टीबीतही वाढलेली येते. रिपोर्टवर वाढलेला आकडा पाहून घर रडायला लागते, आणि तुकड्यात निघतो टीबी. टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि साधारण सहा महिन्यांच्या औषधाने माणूस बरा होतो. तुकडा न तपासता पोट उघडले तर नको ते ऑपरेशन पदरात पडते.

आणि हे लक्षात ठेवा : कुणाचे पित्ताशय खड्यांसाठी काढले असेल, गर्भाशयाची पिशवी काढली असेल, तर काढलेला भाग लॅबला पाठवलाच पाहिजे. "साधेच आहे, गरज नाही" असे कुणी म्हटले तरी आग्रह धरा आणि रिपोर्ट स्वतःकडे ठेवा. लपलेला कॅन्सर कधी कधी तिथेच सापडतो.

तीन उपचार आणि त्यांची कामे

*ऑपरेशन :* डोळ्याला दिसणारी गाठ काढणे. पोटातल्या वाढलेल्या कॅन्सरमध्ये, विशेषतः अंडाशयाच्या, सर्जनचा प्रयत्न असा असतो की दिसणारी एकही गाठ मागे राहू नये. अर्धी गाठ काढून अर्धी ठेवली तर ऑपरेशनचा त्रास पूर्ण आणि फायदा थोडा. म्हणून हे काम कॅन्सरच्या सर्जनचे आहे. पोट उघडले, पसरलेले दिसले, पुन्हा शिवून टाकले, असे झाले की जखम भरेपर्यंत काही आठवडे केमो सुरू करता येत नाही. तेवढा वेळ रुग्णाचा फुकट जातो.

*केमो :* रक्तातून सगळ्या शरीरात जाणारे औषध. डोळ्याला न दिसणाऱ्या पेशींपर्यंत तेच पोचते. बहुतेक औषधे दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने देतात. अशा एका पाळीला सायकल म्हणतात.

*शेक :* रेडिएशनला आपल्याकडे शेक किंवा लाईट म्हणतात. ठराविक जागेवर किरण देऊन पेशी मारतात. आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे सलग जावे लागते. मध्ये खाडा झाला तर परिणाम कमी होतो.

चांगल्या केंद्रात सर्जन, केमोचे डॉक्टर आणि शेकचे डॉक्टर एकत्र बसून रुग्णाची फाईल पाहतात आणि क्रम ठरवतात. आपल्या माणसाची फाईल अशा बैठकीत ठेवली का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

कुठल्या कॅन्सरला कुठला क्रम?

*अंडाशय.* पोट फुगते, दोन घास खाल्ले की पोट भरते, सारखी लघवीला लागते. बाई म्हणते गॅस झालाय, घरचे म्हणतात चरबी वाढली. त्यामुळे बहुतेक बाया तिसऱ्या स्टेजला येतात. सगळी गाठ एका वेळी निघण्यासारखी असेल आणि बाईची तब्येत झेपणारी असेल तर आधी ऑपरेशन, मग सहा सायकल केमो. पसारा फार असेल किंवा बाई खंगलेली असेल तर आधी तीन सायकल केमो, गाठी आकसल्या की ऑपरेशन, मग उरलेले केमो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पसारा फार असलेल्या ६७० बायांमध्ये हे दोन्ही क्रम ताडून पाहिले. जगण्याचा काळ दोन्हीत सारखाच निघाला, आणि आधी केमो घेतलेल्या बायांना ऑपरेशननंतरचा धोका कमी होता. म्हणून डॉक्टर "आधी केमो" म्हणाले तर ते टाळताहेत असे समजू नका.

*गर्भाशयाचे तोंड.* पाळी गेल्यावर रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, घाण वासाचे पांढरे पाणी जाणे ही याची लक्षणे. कॅन्सर वाढलेला असेल तर इथे ऑपरेशन नको असते. शेक आणि सोबत आठवड्याला एकदा केमो हाच योग्य उपचार. याचा पुरावा आपल्याच राज्यात, मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये तयार झाला. तिसऱ्या स्टेजच्या ८५० बायांपैकी निम्म्यांना फक्त शेक दिला आणि निम्म्यांना शेकासोबत सिस्प्लॅटिन नावाचे जुने, स्वस्त औषध दिले. पाच वर्षांनी फक्त शेक घेतलेल्या १०० पैकी ४६ बाया हयात होत्या, दोन्ही घेतलेल्या १०० पैकी ५४. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिसऱ्या स्टेजला "आता काय उरलंय" म्हणणाऱ्यांना हे आकडे सांगा. त्याच वर्षी टाटाचा दुसरा अभ्यास आला. थोड्या अलीकडच्या स्टेजच्या बायांमध्ये "आधी केमो मग ऑपरेशन" यापेक्षा "शेक आणि केमो एकत्र" याने जास्त बाया कॅन्सरमुक्त राहिल्या. म्हणजे चाकू न लावणे हाही पूर्ण उपचार असू शकतो.

*जठर.* अन्न गिळल्यावर पोटात दाटणे, उलट्या, काळी संडास, वजन झपाट्याने उतरणे. दूर पसरलेला नसेल पण वाढलेला असेल तर साधारणपणे आधी काही केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो असा क्रम असतो.

*मोठे आतडे आणि गुदाशय.* संडासवाटे रक्त म्हणजे मूळव्याधच, असे धरून लोक वर्ष-वर्ष मलम लावत बसतात. चाळिशीनंतर रक्त पडत असेल, संडासची सवय बदलली असेल, तर दुर्बिणीची तपासणी करा. मोठ्या आतड्याला बहुधा आधी ऑपरेशन, मग केमो. गुदाशयाचा वाढलेला कॅन्सर असेल तर आधी शेक आणि केमो, नंतर ऑपरेशन. काहींना पोटावर संडासची पिशवी लावावी लागते. काहींची ती पुढे काढता येते, काहींची कायम राहते. पिशवी लावलेला माणूस कामाला जातो, लग्नकार्यात बसतो. पिशवीच्या भीतीने उपचार नाकारू नका.

*पित्ताशय आणि स्वादुपिंड.* दुखत नाही पण कावीळ वाढत जाते, अंगाला खाज सुटते, संडास पांढरट होते. अशी कावीळ झाडपाल्याने उतरत नाही, कारण पित्ताची वाट आतून अडलेली असते. महिनाभर औषधी बांधून घेण्यापेक्षा त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा. अडलेली वाट नळी घालून मोकळी करता येते, आणि त्यानंतर पुढचा उपचार ठरतो.

गरम केमोने पोट धुणे : खरे किती?

अलीकडे मोठ्या शहरांच्या जाहिरातींत हायपेक हे नाव दिसते. पोटातल्या सगळ्या दिसणाऱ्या गाठी काढल्यावर, ऑपरेशनच्या टेबलावरच साधारण ४१ ते ४३ अंश सेल्सिअस गरम केलेले केमोचे औषध तास-दीड तास पोटात फिरवतात. मग ते काढून पोट शिवतात.

याचा उपयोग निवडक रुग्णांना आहे. २०१८ च्या एका अभ्यासात अंडाशयाच्या तिसऱ्या स्टेजच्या २४५ बाया होत्या. आधी केमो, मग ऑपरेशन, आणि त्यात हायपेक, असे केलेल्या गटाचा जगण्याचा मधला काळ सुमारे ४६ महिने आला. हायपेक न केलेल्यांचा ३४ महिने. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचा २०२१ चा अभ्यास वेगळे सांगतो. तिथे चांगले ऑपरेशन झालेल्यांमध्ये हायपेक केलेले आणि न केलेले, दोघांचाही काळ सुमारे ४१ महिनेच आला. म्हणजे आधार होता तो गाठी पूर्ण काढण्याचा.

यातून आपण काय घ्यायचे? हायपेकसाठी कर्ज काढायची, घर विकायची घाई करायची नाही. आपल्या रुग्णाला त्याचा उपयोग आहे का, योजनेत बसते का, हे दुसऱ्या कॅन्सर तज्ज्ञाला विचारायचे आणि मगच ठरवायचे.

कुठे जायचे?

पहिली पायरी जवळची. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. सोनोग्राफी, स्कॅन, दुर्बीण, बायोप्सी यांची सुरुवात तिथे करा. लातूरला विवेकानंद रुग्णालयाचे कॅन्सर केंद्र आहे. लातूर, औसा, मुरुडकडच्यांना बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय जवळ पडते. मराठवाड्यातले शासकीय कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगरला आहे आणि ते २०१२ पासून चालू आहे.

मोठे, गुंतागुंतीचे ऑपरेशन असेल तर मुंबईला परळचे टाटा मेमोरियल. हे हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले आणि आज केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याखाली चालते. तिथे नाव नोंदवताना जनरल वर्गात नोंदवा. पैशाची आणि राहण्याची अडचण असेल तर तिथल्या समाजसेवा विभागात जा. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या कॅन्सर रुग्णांना आसरा देते. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि एका सोबत्याला भाड्यात मोठी सवलत आहे. त्यासाठी हॉस्पिटलकडून ठराविक नमुन्यातला दाखला घ्या. एस.टी.त सगळ्याच महिलांना अर्धे तिकीट आहे.

मुंबईला एकदा जाऊन क्रम ठरवून घ्यायचा आणि केमोच्या सायकल आपल्या जिल्ह्यात घ्यायच्या, असेही जमते. तशी चिठ्ठी डॉक्टरांकडून मागून घ्या.

पैशाची वाट

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी दुसऱ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपले नांदेड होते. आज ती सगळ्या राज्यात आहे. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लाभ मिळतो. कॅन्सरची ऑपरेशने, केमो आणि शेक यात येतात.

रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात आधी आरोग्यमित्राकडे जा. ऑपरेशन झाल्यावर, बिल हातात पडल्यावर नाही; भरती होण्याआधी. रेशनकार्डवर रुग्णाचे नाव आहे का, आधारवरच्या नावाशी जुळते का, हे आजच तपासा. सुनेचे नाव माहेरच्या कार्डावर राहिल्यामुळे अडलेल्या फाईली आम्ही पाहिल्या आहेत. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी कुणी पैसे मागितले तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या नंबरवर तक्रार करा. योजनेबाहेरच्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज करता येतो.

केमोच्या काळात घर कसे सांभाळायचे?

- ताप १००.४ च्या वर गेला की रात्र असली तरी दवाखाना गाठा. केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि साधा ताप जिवावर बेततो. घरात थर्मामीटर असलाच पाहिजे.
- पाणी उकळून प्या. ताजे शिजवलेले खा. डाळ, अंडी, मासे, मटण, दूध, शेंगदाणे, भाकरी, जे परवडेल आणि पचेल ते थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा. "कॅन्सरला अंडे-मटण चालत नाही" हे खोटे आहे. अंगात ताकद नसेल तर केमो पुढे ढकलावा लागतो.
- ऑपरेशनच्या आधी तंबाखू, गुटखा, बिडी, दारू पूर्ण बंद. रोज चालणे आणि दीर्घ श्वासाचा सराव.
- केस जातात ते परत येतात. उलटीला औषध आहे, ते मागून घ्या.
- दोन सायकलनंतर बरे वाटले म्हणून उपचार सोडू नका. अर्धवट सोडलेला कॅन्सर पुन्हा उसळतो आणि तेव्हा तेच औषध काम करेलच असे नाही.
- पोट फुगून दुखणे, उलट्या थांबत नाहीत आणि वारा-संडास बंद, म्हणजे आतडे अडले असू शकते. लगेच दवाखाना.

डॉक्टरांना विचारायचे सात प्रश्न

हे कागदावर लिहून न्या. शिकलेला मुलगा किंवा मुलगी सोबत न्या.

१. कॅन्सर कुठल्या अवयवाचा, कुठली स्टेज?
२. तुकड्याचा रिपोर्ट आला का? त्याची प्रत द्याल का?
३. पूर्ण बरे करण्यासाठी उपचार आहे की आयुष्य आणि आराम वाढवण्यासाठी?
४. ऑपरेशन आधी की केमो आधी? का?
५. ऑपरेशनने सगळी दिसणारी गाठ निघेल का? असे ऑपरेशन इथे नेहमी होते का?
६. योजनेत काय बसते, काय बसत नाही?
७. आम्ही दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतले तर किती दिवसांत घ्यावे?

प्रश्न विचारला म्हणून कुणी खेकसले तरी मान खाली घालू नका. आपला माणूस आहे, त्याच्या शरीराची माहिती त्याला मिळालीच पाहिजे.

बरे होणे शक्य नसेल तर

काही वेळा डॉक्टर सांगतात की आता ऑपरेशन आणि केमोने त्रासच वाढेल. त्याचा अर्थ "घरी न्या आणि वाट बघा" असा नाही. वेदना, उलटी, पोटातले पाणी, दम या प्रत्येकावर उपचार आहे. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. जबर दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या असतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्या तर त्या सुरक्षित आहेत. २०१४ साली कायदा बदलल्यापासून त्या मिळणे सोपे झाले आहे. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र ही सेवा मोफत देते. रात्रभर कण्हत राहणे हे कुणाच्या नशिबात लिहिलेले नसते. दुखणे थांबवून मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

आणि रुग्णापासून आजार लपवू नका. त्यालाही काही सांगायचे असते, कुणाला भेटायचे असते, कागदांवर सह्या करायच्या असतात.

वस्तीने काय करावे?

कॅन्सर लागट नाही. ताट-वाटी वेगळी करू नका, अंथरूण वेगळे टाकू नका. भेदाचे दुःख आपल्याइतके कुणाला माहीत आहे?

रविवारी विहारात जमाल तेव्हा तीन कामे वाटून घ्या. एक, वस्तीतल्या प्रत्येक घराचे रेशनकार्ड आणि आधार तपासणे. दोन, रक्तदात्यांची यादी करणे. मोठ्या ऑपरेशनला रक्त लागतेच. तीन, रुग्णासोबत जाणाऱ्यांची पाळी लावणे, म्हणजे एकाच माणसाची मजुरी बुडणार नाही.

तीस वर्षांवरच्या बायांनी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी. आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ बायांवर अभ्यास झाला. आयुष्यात एकदा एचपीव्ही तपासणी केलेल्या गावांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या बाया शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच होत्या. लहान मुलींना एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात देतात, त्याचीही चौकशी करा.

हे पान कापून विहाराच्या फलकावर लावा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. कुणाच्या घरी गाठीचा रिपोर्ट आला असेल तर सात प्रश्नांचा कागद त्यांच्या हातात द्या, आणि दवाखान्यात सोबत जा.

जयभीम.